सप्ताहातली शिट्टी : एका सभामंडपाच्या साउंडचं प्रकरण

गाव खानापूर तालुक्यातलं. देऊळ जुनं, सभामंडप नवा. अठरा मीटर लांब, दहा मीटर रुंद, सरासरी पाच मीटर उंच. वर पत्रा, खाली शहाबादी फरशी, भिंतींना ऑइल पेंट. पुसायला सोपं आणि आवाजाला वैरी, असं आमच्याकडं बेळगाव भागात गावोगावी दिसणारं बांधकाम. माघात इथं अखंड हरिनाम सप्ताह बसतो. पहाटे काकडा, दिवसा पारायण, संध्याकाळी हरिपाठ आणि रात्री कीर्तन. कीर्तनाला रोज वेगळे महाराज. ऐकायला आसपासच्या वाड्यांवरची मराठी माणसं येतात आणि कन्नड बोलणारे शेजारीही येतात.

तक्रार एका वाक्याची होती. कमिटीतले अण्णा म्हणाले, "माईक ओरडूलालाय ओ, महाराज बोलायचं सोडून माईककडं बघत बसतात." उपायही त्यांनी ठरवून टाकला होता. फीडबॅक, म्हणजे माईकची ही शिट्टी, आपोआप मारणाऱ्या एका मशीनचं कोटेशन खिशात होतं, आणि ते घ्यावं की नाही एवढंच त्यांना माझ्याकडून हवं होतं.

आधी काय काय जोडलंय ते पाहिलं. बारा चॅनलचा साधा ॲनालॉग मिक्सर, एकतीस बँडचा ग्राफिक इक्वलायझर (जाड ते बारीक आवाजाचे एकतीस पट्टे, प्रत्येकाला वर-खाली करायला वेगळा स्लायडर), दोन अँप्लिफायर. चार कॉलम स्पीकर. त्यातले दोन गाभाऱ्याच्या भिंतीवर, दाराच्या दोन्ही अंगांना, आणि दोन सभामंडपाच्या मध्यावर खांबांना. बाहेर पत्र्यावर दोन कर्णे. माईक आठ: महाराजांचा कॉलर कॉर्डलेस, त्यांच्याच पुढचा स्टँडचा माईक, टाळकऱ्यांना तीन, पेटीला एक, मृदंगाला दोन. मिक्सरवर इको सुरू, तोही सगळ्या आवाजांवर.

कीर्तनकार गाभाऱ्याला पाठ करून उभे राहतात. म्हणजे गाभाऱ्यावरचे दोन्ही कॉलम त्यांच्या पाठीमागून, जेमतेम दोन मीटरवरून, थेट माईकवर आवाज ओतत होते. निम्मं प्रकरण इथंच संपत होतं. पण पाहणी तिथं थांबवून चालत नाही, कारण कमिटीचा प्रश्न मशीनबद्दल होता आणि मशीनच्या आधी इक्वलायझर बघण्यासारखा होता.

एकतीसपैकी अकरा स्लायडर तळाला. साउंड बघणारा पोरगा आयटीआयचा, हुशार आणि कानाचा चांगला. तो सांगत होता की शिट्टी आली की कुठला तरी स्लायडर खाली करायचा, शिट्टी थांबते. मग आवाज कमी वाटतो म्हणून मास्टर, म्हणजे सगळ्यांचा एकत्र आवाज, वर करायचा. मग शिट्टी दुसऱ्याच सुरात येते. मग आणखी एक स्लायडर. दोन वर्षांत २०० हर्ट्झपासून (सेकंदाला दोनशे कंपनं) ४ किलोहर्ट्झपर्यंतचा मधला बहुतेक पट्टा असा खणून निघाला होता. माणसाचं बोलणं ऐकू येतं ते मुख्यतः याच पट्ट्यात. त्यातही च, त, स, श अशी व्यंजनं ओळखायला लागणारा भाग २ ते ४ किलोहर्ट्झच्या आसपासचा, आणि नेमका तोच सगळ्यांत खाली. त्यामुळं महाराजांचा आवाज डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा यायचा आणि शेवटच्या खांबाजवळ बसणाऱ्या बायकांना प्रमाण कुठलं आणि दृष्टांत कुठला हे समजत नव्हतं. सगळे स्लायडर सारखेच खाली ओढून मास्टर वर केला तर हाताशी काहीच लागत नाही. तो फक्त व्हॉल्यूम फिरवण्याचा लांबचा रस्ता आहे.

शिट्टी होते कशी हे कमिटीला सांगावं लागलं. माईकनं घेतलेला आवाज मिक्सर, अँप्लिफायर, स्पीकर असा जाऊन हवेतून परत माईकपाशी येतो. एखाद्या कंपनसंख्येला परत आलेला आवाज निघालेल्याइतकाच मोठा असेल आणि त्याच लयीत येऊन मिळत असेल, तर प्रत्येक फेरीत तो स्वतःवरच चढत जातो. डॅनिश शास्त्रज्ञ सोरेन लार्सेन यांच्या नावानं याला लार्सेन परिणाम म्हणतात. या फेऱ्यात इक्वलायझर हा एक टप्पा झाला. माईक तोंडापासून किती लांब, स्पीकर माईकपासून किती लांब आणि कुठं तोंड करून, एका वेळी किती माईक उघडे, हॉल किती घुमतो, हे बाकीचे टप्पे. त्यातला प्रत्येक इक्वलायझरपेक्षा जास्त देतो, आणि शब्दांना धक्का न लावता देतो. म्हणून मी मशीन घेऊ नका म्हटलं आणि ग्राफिक इक्वलायझर बायपास करून टाकला, म्हणजे आवाजाच्या वाटेतून बाजूला काढला. पोरग्याचा चेहरा पडला. सप्ताह दुसऱ्या दिवशी बसणार होता.

सगळे माईक बंद करून एकेक उघडला आणि फेडर, म्हणजे त्या माईकचा आवाज वर-खाली करायचा दांडा, हळूहळू वर नेला, कुठला माईक किती लवकर वाजू लागतो ते बघायला. पहिला कॉलर. हे अपेक्षितच होतं, कारण कॉलर माईक बहुतेक वेळा चारही बाजूंचं सारखंच ऐकतो, आणि छातीवर असल्यानं तोंडापासून वीतभर दूर असतो. पाठीमागचा स्पीकरही तो तोंडासारखाच ऐकतो.

दुसरा प्रकार चक्रावणारा होता. मृदंगाचा डावा माईक उघडला की शिट्टी नाही, एक जाड "हूंऽऽ" सुरू व्हायचा आणि वाढत जायचा. पोरगा याला अर्थिंगचा हम समजून केबली बदलत बसला होता. मृदंग वाजवणाऱ्या मामांना म्हटलं, धुमेवर, म्हणजे डाव्या तोंडावर, हात ठेवा. त्यांनी कणीक लावलेल्या पुडीवर तळहात टेकवला, हूं बंद. हात उचलला, पुन्हा सुरू. स्पीकरमधल्या खालच्या आवाजानं पुडी स्वतःच थरथरत होती, माईक ती थरथर उचलून परत स्पीकरला देत होता. अर्थिंगचा हम पन्नासच्या पटीत एका जागी बसलेला असतो. हा मात्र मामांनी पुडी चढवली-उतरवली की सूर बदलत होता. मामांना याची मोठी गंमत वाटली. पुढचे सात दिवस येईल त्याला ते हात ठेवून दाखवत होते.

आता जागा बदलायच्या होत्या, आणि देवळात जागा बदलणं हे मिक्सरच्या कामापेक्षा अवघड. गाभाऱ्यावरचे कॉलम कुणाच्या तरी वडिलांच्या स्मरणार्थ दिलेले, तसं त्यावर रंगानं लिहिलेलं. ते बंद ठेवा म्हणणं म्हणजे घरात तंटा. शेवटी तोड निघाली ती अशी: कॉलम नावासकट पुढच्या खांबांवर आणायचे, कीर्तनकारांच्या तीन मीटर पुढं, तोंड श्रोत्यांकडं. नाव आता जास्त लोकांना दिसणार होतं, त्यामुळं घरचे खूश. मधल्या खांबांवरचे कॉलम तिथून सहा मीटर मागं राहिले. सहा मीटर म्हणजे आवाजाला सतरा-अठरा मिलिसेकंद. साधारण तीस मिलिसेकंदांच्या आत आलेला दुसरा आवाज कान वेगळा मोजत नाही, पहिल्यातच मिसळून घेतो. त्यामुळं मागच्या कॉलमचा आवाज मुद्दाम उशिरा सोडायची, म्हणजे वेगळा डिले लावायची, गरज पडली नाही. अंतर याहून बरंच जास्त असतं तर मागच्यांना प्रत्येक शब्द दोनदा ऐकू आला असता.

चारही कॉलम भिंतीला-खांबांना चिकटून सरळ उभे होते आणि अर्धा आवाज समोरच्या भिंतीवर आणि पत्र्यावर मारत होते. ते खाली झुकवले, शेवटच्या रांगेतल्या डोक्यांवर नेम धरून. माणसं आवाज पितात, पत्रा पीत नाही.

इथं थोडा हिशेब मांडतो, कारण "दुपारी टेस्टिंग केलं तेव्हा वेगळं होतं" हे वाक्य प्रत्येक सप्ताहात ऐकू येतं. हॉलचं घनफळ ९०० घनमीटर. आवाज थांबल्यावर घुमणं ६० डेसिबलनं विरायला लागणारा वेळ काढायचं सॅबाइनचं सूत्र आहे : ०.१६१ गुणिले घनफळ, भागिले एकूण शोषण. फरशी, पत्रा, भिंती मिळून सुमारे ६४० चौरस मीटर, सरासरी शोषण पाच टक्के धरलं तर ३२. उघडी दारं-खिडक्या बारा चौरस मीटर, तिथून गेलेला आवाज परत येत नाही म्हणून ते पूर्ण धरा, म्हणजे ४४. उत्तर सव्वातीन सेकंदांच्या वर. आता दोनशे माणसं बसवा, माणशी साधारण ०.४५ धरून. शोषण १३४ होतं आणि वेळ एक सेकंदाच्या जरा वर येतो. एकाच हॉलचे हे दोन हॉल आहेत. हार्वर्डच्या वॉलेस सॅबाइन यांनी १८९५ पासून एका घुमणाऱ्या व्याख्यानगृहात बाकांवरच्या गाद्या रात्री-अपरात्री उचलून आणून-नेऊन हे काम केलं होतं. आपल्याकडं तेच काम सतरंजी, घोंगडी आणि माणसं करतात. रिकाम्या मंडपात दुपारी इक्वलायझर लावणं म्हणजे दुसऱ्याच हॉलला औषध देणं. इक्वलायझर घुमण्याचा वेळ कमी करू शकत नाही, हेही इथंच सांगून ठेवतो. २५० हर्ट्झच्या आसपास थोडं काढलं तर घुमणं कमी टोचतं, इतकंच.

माईकच्या संख्येचाही हिशेब आहे. उघडे माईक दुप्पट केले की शिट्टीआधी मिळणारा आवाज ३ डेसिबलनं घटतो. एकाचे आठ केले की ९ डेसिबल गेले. टाळकऱ्यांचे तीन माईक एकावर आणावेत असं मी सुचवलं आणि सभामंडपात शांतता पसरली. टाळ तर माईकशिवायच सगळ्या गावाला ऐकू येतो. माईक लागतो तो चाल म्हणणाऱ्या गळ्यांना. पण पुढच्या ओळीत माईक असणं हा मान आहे आणि तो मान तीन ज्येष्ठांचा. मी हट्ट सोडला. माईक तिन्ही राहिले, पण निरूपण सुरू झालं की टाळकऱ्यांचे फेडर खाली आणि अभंगाची चाल धरली की वर, असं पोरग्याला शिकवलं. कीर्तन अर्ध्याहून जास्त निरूपणच असतं. महाराज "विठ्ठल" म्हणून हात वर करतात तेव्हा फेडर वर गेलेले हवेत, त्यानंतर अर्ध्या सेकंदानं नव्हे. हे मिक्सरकडं बघून जमत नाही, महाराजांकडं बघून जमतं. माझ्या मते देवळातल्या साउंडवाल्याला इक्वलायझरच्या आधी कीर्तन कळायला हवं.

कॉलर माईक बंद केला आणि महाराजांना स्टँडच्या माईकवर आणलं. हा माईक कार्डिऑइड, म्हणजे समोरचं ऐकणारा आणि बरोबर पाठीमागचं सगळ्यांत कमी ऐकणारा. दीड वीत, म्हणजे तीसेक सेंटिमीटरवरून चार बोटांवर आलं की अंतर दोनदा निम्मं होतं आणि दर निम्म्याला ६ म्हणून सुमारे १२ डेसिबल फुकट मिळतात. अकरा स्लायडर पाडून जे मिळालं नव्हतं ते चार बोटांत मिळालं. जवळ आल्यावर अशा माईकमध्ये खालचा आवाज फुगतो, म्हणून त्या चॅनलचं लो-कट, म्हणजे खालचा आवाज कापणारं बटण, दाबलं. जाळीला मूठ मारून धरलं की हाच माईक चारही बाजूंचं ऐकू लागतो आणि ओरडतो. हे प्रत्येक महाराजांना हात जोडून सांगायचं काम अण्णांनी घेतलं, कारण पोरग्यानं सांगितलं तर ऐकणार कोण.

इको पूर्ण बंद. सव्वातीन सेकंद घुमणाऱ्या हॉलमध्ये वेगळा इको विकत घ्यायचं कारण मला आजवर कुणी पटवून दिलेलं नाही. इकोमधून गेलेला आवाज फेऱ्यात पुन्हा पुन्हा शिरतो आणि शिट्टीला हातभार लावतो.

मृदंगाचा डावा माईक पुडीच्या आणखी जवळ घेतला, नव्या जागी आलेल्या कॉलमकडं त्याची पाठ केली आणि त्याच चॅनलवर बेस थोडा काढला. हूं गेला. ग्राफिकला हात लावावा लागला नाही. दोष एका माईकचा असेल तर तो त्या चॅनलवरच काढायचा. ग्राफिकवर काढला तर एका मृदंगापायी महाराजांच्या गळ्यातलाही बेस जातो.

हे सगळं झाल्यावर ग्राफिक परत जोडला, सगळे स्लायडर शून्यावर. वेळ निवडली पहिल्या दिवशीच्या हरिपाठानंतरची, पन्नास-साठ माणसं बसलेली असताना. दहा मिनिटं कानाला त्रास होईल असं आधी सांगून टाकलं. सगळे माईक कीर्तनात असतील तसे उघडे, मास्टर अगदी हळू वर. पहिला सूर आला, गुणगुणण्यासारखा. पोरगा अंदाजानं ३१५ आणि ६३० मध्ये हात फिरवू लागला, तेवढ्यात पेटीवाले काका म्हणाले, थांब जरा. बेसचे सूर बंद ठेवून त्यांनी मधल्या सप्तकात दोन-तीन पट्ट्या दाबून पाहिल्या. काळी चार, म्हणजे सप्तकातली चौथी काळी पट्टी. जुळली.

आता पांढरी सहा म्हणजे ४४० धरली तर पांढरी एक साधारण २६२ आणि काळी चार ४१५. ग्राफिकवर जवळचा स्लायडर ४००. तो ४ डेसिबल खाली केला आणि सूर मेला. पुढं सप्तक वर चढलं की आकडा दुप्पट, म्हणजे वरच्या काळी चारला ८३०, स्लायडर ८००. प्रत्येक भजनी मंडळात पेटी असते आणि सूर अचूक ओळखणारा माणूस तिच्यामागं बसलेला असतो. त्याला सोडून साउंडवाला अंधारात स्लायडर का चाचपतो हे मला कळत नाही.

दुसरा सूर १२५० ला सापडला, काकांच्या शेवटच्या पट्ट्यांपाशी. तिसरा पेटीच्या वरचा, सुईसारखा. तिथं पोरग्याच्या मोबाइलमधलं स्पेक्ट्रम ॲप कामाला आलं, शेंडा २.५ किलोहर्ट्झवर. १२५० ला ३ आणि २५०० ला ४ डेसिबल काढले. त्यानंतर मास्टर आणखी वर नेला तेव्हा दोन-तीन सूर एकदमच उठले. अनेक सूर एकत्र उठले की थांबायचं, त्याच्यापुढं स्लायडर पाडणं म्हणजे पुन्हा व्हॉल्यूमच कमी करणं. एकतीसपैकी तीन खाली, तेही थोडेच. तिथून मास्टर ६ डेसिबल मागं घेऊन ठेवला. हे ६ डेसिबल रोजच्या नव्या महाराजांसाठी. कुणी माईक गिळतात, कुणी हातभर लांब उभे राहतात, आणि पोरग्याला गेन, म्हणजे माईकचा आवाज, वाढवायला जागा लागते.

मशीन का नको, हेही सांगतो. असं मशीन सरळ टिकून राहिलेला सूर शोधतं आणि तिथं अरुंद खाच पाडतं. भाषणाला, विशेषतः फिरत्या कॉर्डलेसला ते उपयोगी आहे. पण कीर्तनात पेटीचा धरलेला सूर, वीणेची तार, गजरातला लांबवलेला आलाप हे सगळं टिकून राहिलेलंच असतं, आणि मशीन कधी कधी त्यालाच शिट्टी समजून कापतं. दुसरा एक प्रकार सगळा आवाज काही हर्ट्झनं सरकवतो. बेल लॅब्जमधल्या मॅनफ्रेड श्रोडर यांची ही युक्ती बोलण्याला चालते, पण शेजारी खरी पेटी वाजत असताना सरकलेला सूर कानाला लागतो. शिवाय खाच फार अरुंद असेल तर थंडीतही अडचण होते. हवा दहा अंशांनी तापली की आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ६ मीटरनं वाढतो, म्हणजे पावणेदोन टक्के. खानापूरकडची माघातली संध्याकाळ आणि दोनशे माणसांनी भरलेला मंडप यांत २५०० ची शिट्टी चाळीसेक हर्ट्झ सरकू शकते. ग्राफिकचा जाड स्लायडर तेवढं पोटात घालतो.

कर्ण्यांचा विषय झटकन मिटला. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही, आणि कीर्तन दहाच्या पुढं जातंच. कर्णे काकडा आणि रात्रीचं कीर्तन सोडून बाकी वेळेपुरते ठेवले.

सात रात्रींत पूर्ण शांतता मिळाली असं नाही. तिसऱ्या दिवशीच्या महाराजांनी स्वतःचा कॉलर माईक आणला होता आणि तोच हवा म्हणाले. तो लावला, आवाज थोडा कमी ठेवला, मागच्यांना जरा कमी ऐकू आलं. खरा धोका गजराचा. महाराज रंगात येऊन स्टँडचा माईक काढून हातात घेतात आणि चालत पुढच्या कॉलमच्या तोंडासमोर जातात. पोरग्यानं यावर स्वतः युक्ती काढली. कॉलमच्या अलीकडं त्यानं घरातल्या बायकांकडून फरशीवर रांगोळीचा पट्टा काढून घेतला. रांगोळीवर पाय द्यायला कुणी धजत नाही. काल्याच्या कीर्तनाला मात्र रांगोळीही पुसली आणि शिट्टीही आली. दहीहंडीच्या गोंधळात ती कुणाच्या लक्षात आली असेल असं वाटत नाही.

सप्ताह उठल्यावर स्लायडरची जागा मोबाइलवर फोटो काढून ठेवली आणि ग्राफिकवर पारदर्शक पत्रा स्क्रूनं बसवला. मिक्सरच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवलाय, मराठीत आणि कन्नडमध्ये, कारण श्रावणात दुसरा ऑपरेटर येतो तो कन्नड वाचतो. इको बंद, गाभाऱ्याकडची जुनी वायर जोडू नये, आधी माईक जवळ घ्यावा, एवढंच त्यावर आहे. शनिवारच्या भजनाला वीसेक माणसं असतात तेव्हा घुमणं अजून तसंच आहे. त्यासाठी मागच्या भिंतीला जाड चुण्यांचे पडदे लावायचं ठरलंय. मशीनसाठी जमवलेले पैसे त्याला पुरतील, आणि कापड पेटीवाल्या काकांचे जावई शहापूरमधून स्वस्तात आणून देणार आहेत.